खाली बेड

मुलांनो, एक खडू घ्या आणि जमिनीवर चौकोन काढा. लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट. आई रागावली तर माझं नाव सांगा. माझ्यावर रागावणाऱ्या बायकांत एकीची भर पडल्याने मला फरक पडणार नाही. आता त्या चौकोनात उभे राहा आणि कल्पना करा, की हे तुमचं घर. मागे एक स्वयंपाकघर आहे, पण ते धरू नका. तिथे एक माणूस मावतं, आणि तेही भाकरी थापताना एक कोपर बाहेरच्या खोलीत काढून.

झाला चौकोन? आता त्यात सामान मांडा. एक खाट. दोन मोठ्या ट्रंका. ज्वारीचं पोतं. शिलाईचं यंत्र. चार वळकट्या. माझी सायकल, कारण बाहेर ठेवली तर तिची घंटी चोरीला जाते. शाळेतून तपासायला आणलेल्या वह्यांचे तीन गठ्ठे. खाटेवर आमची सारजाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ती सामान नव्हे, पण जागेच्या हिशेबात तिला वगळून चालणार नाही. मग मी आणि माझी बायको मुक्ता.

आता उरलेल्या जागेत एक नऊ वर्षांची मुलगी बसवा.

बसत नाही? जरा इकडेतिकडे सरकवून बघा. आम्हीही बरीच वर्षं तेच करत होतो.

ही मुलगी म्हणजे आमची रूपा. आमच्या सोलापूरच्या रूपाभवानीच्या नावावरून तिचं नाव ठेवलेलं. चौथीत होती, फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा होती, आणि ती खिडकीजवळच्या ट्रंकेवर बसून अभ्यास करायची. १९७४ सालच्या नोव्हेंबरात तिच्या वर्गावरच्या हेमावतीबाईंनी 'माझी अभ्यासाची जागा' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. मी त्याच शाळेत सातवीला शिकवत होतो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हेमावतीबाईंनी रूपाची वही उघडली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली.

"माझी अभ्यासाची जागा ट्रंकेवर आहे. ट्रंकेत सगळ्यांचे कपडे आहेत. कुणाला कपडे लागले की मी उठते. काल मी अकरा वेळा उठले. माझे वडील शिक्षक आहेत."

पहिल्या चार ओळींना सगळे हसले. पाचवीला कुणी हसलं नाही, आणि मुलांनो, मला ते हसण्याहून जास्त लागलं. हेमावतीबाई म्हणाल्या, "शुद्धलेखनात एकही चूक नाही हं, गुरुजी." जणू त्याने काही भागणार होतं.

मी त्याच दुपारी ठरवलं. परीक्षेच्या आत रूपाला तिची स्वतःची जागा मिळाली पाहिजे. तिथून तिला कुणी उठवणार नाही, अशी.

घरी येऊन मी हे जाहीर केलं तेव्हा मुक्ता पिठाचे हात पुसत म्हणाली, "खिडकीखाली एक फळी ठोकून द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

मी हसलो. अवघड गणिताला वर्गात मागच्या बाकावरून सोपं उत्तर आलं की मी जसा हसतो, तसा. पण मनाचा मोठेपणा दाखवायचा म्हणून मी खिळा आणि हातोडा घेऊन भिंतीजवळ गेलो. पहिला ठोका बसताच आमचे घरमालक गुरुसिद्धप्पा पलीकडच्या खोलीतून धावत आले. त्यांचा सुताचा धंदा होता, नवी पेठेत पेढी होती, आणि आवाज पेढीपर्यंत पोचेल असा होता.

"अय्यो गुर्जी! भिंतीला खिळा? भिंत मातीची हाय की ओ! तुमी हितनं मारला की टोक माझ्या देवघरात निघतंय. मागच्या भाडेकरूनं क्यालेंडर लावलं, तर आमच्या देवाच्या पाठीत टोचलं!"

फळी गेली. मला वाईट वाटलं नाही. माझ्या डोक्यात त्याहून मोठं काहीतरी होतं.

एका मासिकाच्या दिवाळी अंकात मी एक लेख पाहिला होता. 'लहान घरासाठी एकात तीन.' चित्रात मुंबईची एक बाई एका कपाटाजवळ उभी होती. कपाटाच्या वरच्या भागात कपडे आणि पुस्तकं. मधलं दार खाली पाडलं की त्याचं टेबल. आणि सगळ्यांत खाली खणासारखा आत सरकणारा बेड, जो ती बाई एका बोटाने बाहेर ओढत होती. ती हसत होती. मासिकातली माणसं नेहमी हसतात, कारण त्यांना ते फर्निचर घरी न्यायचं नसतं.

माझा हिशेब सरळ होता. कपाट आलं की ट्रंका जातील. बेड आला की खाट जाईल. आणि मधलं टेबल रूपाचं.

आधी मी नवी पेठेत एका दुकानात असं तयार काही मिळतं का ते विचारलं. दुकानदाराने मासिक उलटं सुलटं करून पाहिलं. "खोली किती आहे तुमची?"

"दहा बाय बारा."

"मग असं करा, कपाट न्या आणि खोली मालकाला परत करा."

शिक्षकाची चेष्टा करणाऱ्या माणसाकडून मी काही विकत घेत नाही. मी ते करवून घ्यायचं ठरवलं आणि घरी येऊन आराखडा काढला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचा सुगावा कसा लागतो हे मला आजही कळलेलं नाही. संध्याकाळच्या आत आमच्या दारात दोन आणि खाटेवर एक अशी तीन माणसं होती आणि प्रत्येकाला माझ्या कपाटात काहीतरी हवं होतं.

गुरुसिद्धप्पांच्या पत्नी पार्वतम्मा म्हणाल्या, "वर देवाला एक खण ठेवा बगा. देवाच्या डोक्यावर कुनी पाय द्यायचं न्हाय, म्हणून अगदी वर."

समोरचे हिंदुराव गिरणीत हजेरी घ्यायचे. त्यांना गिरणीचा भोंगा आणि स्वतःचा सल्ला, दोन्ही वेळेवर झालेले आवडत. ते म्हणाले, "गुर्जी, चाकं लावा. चाकाशिवाय काय बी करू नका. उद्या पाहुणं आलं तर ढकलत न्यायचं."

"कुठे ढकलत न्यायचं? दहा बाय बारा आहे."

"ते तुमी बगा. मी आपलं चाकाचं सांगितलं."

आत्या खाटेवरून म्हणाली, "माजं म्हणणं एवढंच, की मला उतरता यावं. कपाटात घालून दार लावाल, आन सकाळी इसराल."

मुक्ताने फक्त ट्रंक उघडायची म्हणून रूपाला उठवलं.

चौथ्या दिवशी माझ्या आराखड्याची सात पानं झाली होती. गुरुसिद्धप्पांनी सुतार सुचवला: मैंदर्गीचा रुद्रप्पा. "हात असा हाय, की लाकूड त्याला घाबरतंय. फक्त मराठी थोडं कमी. पण तुमी तर शिकवणारेच की!"

हे वाक्य मला फार आवडलं. सत्तावीस वर्षं मी मुलांना भागाकार शिकवला होता. ज्याला भागाकार समजावता येतो, त्याला कपाट समजावता येणार नाही?

रुद्रप्पा रविवारी सकाळी आला. उंच, शांत माणूस. कानावर पेन्सिल, कपाळावर भस्म. गुरुसिद्धप्पा त्याला आमच्या दारात सोडून पेढीवर निघून गेले, आणि इथेच घात झाला. पण तेव्हा मला ते बरंच वाटलं. शिकवताना वर्गात तपासनीस नसलेला बरा.

मी भिंतीजवळ उभा राहिलो आणि सावकाश, एकेक शब्द तोडून बोललो. "रुद्रप्पा. वर, कपाट. मधे, टेबल. खाली, बेड."

मी 'खाट' म्हणू शकलो असतो. 'पलंग' म्हणू शकलो असतो. पण खाट म्हटलं असतं तर त्याने खाटच केली असती, आणि मासिकात स्पष्ट 'बेड' छापलेलं होतं. नव्या वस्तूला नवा शब्द हवा, असं माझं तेव्हा मत होतं.

रुद्रप्पाने कपाळाला आठी घातली. "खाली... बेड?"

"बेड."

"खाली अडीच फूट हाय की, गुर्जी. सगळंच बेड?"

"सगळंच! सहा फूट लांब, अडीच फूट उंच. पूर्ण बेड."

ट्रंकेवरून रूपा म्हणाली, "बाबा, रुद्रप्पाकाका म्हणतायत ते बेड म्हणजे..."

"रूपा, मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये."

रुद्रप्पा टेप धरून वाकला, उठला, पुन्हा वाकला. बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर चांगली जागा फुकट जात असल्याचं दुःख होतं. मी ते एकाग्रता समजलो. मग तो म्हणाला, "तसं म्हटल्यावर पाय लांब करावं लागतंय."

"अर्थात!" मी आनंदाने म्हणालो. माणूस विचार करून काम करतो याची खात्री पटली. "पाय लांब करता आलेच पाहिजेत. त्यासाठीच तर बेड!"

"पण बाबा..." रूपा म्हणाली.

मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. माझ्या त्या पाहण्याने सातवीच्या वर्गात पंखासुद्धा हळू फिरायचा. तिने पुस्तकात डोकं घातलं.

शेवटी मी वर्गात विचारतो तसं विचारलं, "समजलं? समजलं असेल तर हात वर करा." रुद्रप्पाने प्रामाणिकपणे हात वर केला. मुक्ताने स्वयंपाकघरातून कोपरासकट डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेतलं.

पंधरा दिवसांनी मैंदर्गीहून पोस्टकार्ड आलं. रुद्रप्पाने कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलं होतं. 'सागवान चांगले मिळाले. वरचे काम होत आले. खाली बेड हे कायम आहे ना? अजून विचार बदलल्यास खाली दोन खण करून देऊ. कळवावे.'

मी चिडलो नाही. वर्गात एखादा मुलगा तीनतीनदा तीच शंका विचारतो, त्याच्यावर चिडायचं नसतं. मी कोऱ्या कार्डावर मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं: 'खण नकोत. खाली बेडच. पुन्हा विचारू नये.' 'बेडच'खाली दोन रेघा ओढल्या. ते कार्ड पोस्टात टाकायला मी रूपाला दिलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीला शिस्त लागल्याचं मला समाधान वाटलं.

इतकी खात्री झाल्यावर खाट ठेवून काय करायचं? डिसेंबरात गावाकडची बैलगाडी बाजाराला आली होती. तिच्यावर खाट चढवून मी गावी पाठवून दिली. आत्या त्या दिवसापासून जमिनीवर झोपू लागली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "भाच्यानं माजी खाट इकली न्हाय हो, दान केली. बेड येतोय म्हणं. मी जायच्या आत आला म्हंजे झालं."

खोलीत खाटेची जागा मोकळी झाली, तीही आठ दिवसच. आमचं घर स्टँडजवळ. गावाकडून कोर्टाला, दवाखान्याला येणारी माणसं आमच्याकडे उतरत. मोकळी जागा पाहून ती दोन दिवस जास्त राहू लागली. पाहुण्यांच्या पिशव्या ट्रंकेवर, आणि रूपा उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसणाऱ्याला ट्रंकेवरच्याहून जास्त वेळा उठावं लागतं, हे तिने मला सांगितलं नाही. मीच एका रविवारी मोजलं.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपली आणि त्या आठवड्यात निरोप आला: कपाट येतंय. शेंगांची पोती आणणाऱ्या एका ट्रकवर रुद्रप्पा ते स्वतः घेऊन येणार होता, पण जकात नाक्यावर मालकाने हजर राहावं. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि रूपाला बरोबर घेतलं. टेबल तिचं होतं. ते तिने सगळ्यांच्या आधी पाहावं अशी माझी इच्छा होती.

नाक्यावर ट्रक उभा होता. पोत्यांच्या मधोमध गोणपाटात गुंडाळलेलं आमचं कपाट एखाद्या नवरदेवासारखं बसलं होतं. रुद्रप्पाने मला पाहून हात जोडले. नाक्याच्या टेबलामागे एक कारकून होता. त्याच्यापुढे छापील पावती, आणि पावतीवर 'वस्तूचे नाव' असा एकच लहानसा रकाना.

"काय आणलंय?"

"कपाट, टेबल आणि बेड," मी म्हणालो. अभिमान लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

"तीन नग."

"एकच नग."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "गुरुजी ना तुम्ही? मग हजेरीपटावर एका पोराला तीन नावं लिहिता काय?"

"तसं नव्हे. बंद असलं की कपाट. दार पाडलं की टेबल. आणि ओढलं की बेड."

"सध्या बंद आहे का उघडं?"

"गोणपाटात आहे."

"मग सोडा गोणपाट. नाक्यावर जे दिसेल ते लिहायचं, असा नियम आहे."

ट्रकवाल्याने आणि रुद्रप्पाने मिळून ते खाली उतरवलं आणि दोऱ्या सोडल्या. मुलांनो, काम खरंच असं होतं, की लाकडाने घाबरावं. दारं आरशासारखी घासलेली. कारकुनाने मधलं दार पाडलं. ते लोण्यासारखं खाली आलं आणि टेबल झालं. रूपाने त्याच्यावरून बोट फिरवलं.

"हे कपाट. हे टेबल," कारकून बोटं मोजत म्हणाला. मग खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. "गुरुजी, बेड कुठंय?"

मीही वाकलो. कपाटाखाली अडीच फूट उंचीचे चार भक्कम, कोरीव पाय होते. पायांच्या मधे काहीच नव्हतं. पलीकडे रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावरची एक शेळी वाकून माझ्याकडे बघत होती.

"रुद्रप्पा," मी म्हणालो, "बेड?"

"बेड!" रुद्रप्पा छाती पुढे काढून म्हणाला.

"पण कुठे आहे?"

"काय कुटं आहे? बेड की ओ! तुमीच म्हटला, खाली बेड!"

कारकून सरळ झाला. त्याचा आवाज बदलला होता. "असं असं. मालक बोलले तीन वस्तू. सुतार म्हणतोय बेड आहे. इथं दिसतायत दोन. म्हणजे बेड नाक्याच्या आधीच उतरवून गल्लीबोळातनं शहरात नेलाय."

"अहो, बेड असा नेता येतो का?"

"ते तुम्ही सांगायचं. लिहून द्या, की तुमच्याकडे बेड नाही आणि नव्हता."

आता मी खोटं लिहून देणारा माणूस नाही. मी म्हणालो, "एक खाट होती, पण ती डिसेंबरात गावी पाठवली."

"बघा! आधी होती, मग पाठवली," कारकून ट्रकवाल्याकडे वळून म्हणाला. "तुम्ही साक्षीदार." ट्रकवाला म्हणाला, त्याला फक्त शेंगा माहीत आहेत.

सत्तावीस वर्षं ज्याने मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, तो मी जकात नाक्यावर बेड पळवल्याच्या संशयाखाली उभा होतो. आमच्या मागे दोन बैलगाड्या आणि कडब्याचा एक ट्रक थांबला. गाडीवाले उतरून कपाटाखाली वाकून बघत होते. तेवढ्यात कुणीतरी माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं.

"बाबा, मी आता बोलू?"

"रूपा, मोठी माणसं..."

"बोलू द्या की तिला," कारकून म्हणाला. "मोठी माणसं बोलून झाली."

रूपा म्हणाली, "कानडीत 'बेड' म्हणजे 'नको'."

कडब्याच्या ट्रकवर बसलेला माणूस आधी हसला. तो अक्कलकोटकडचा, कानडी कळणारा असावा. मग मी मनातल्या मनात आमचं सगळं संभाषण परत ऐकलं. वर कपाट. मधे टेबल. खाली नको. सगळंच नको? सगळंच! पूर्ण नको. आणि ते कार्ड, 'खाली नकोच', दोन रेघांसकट.

"आमच्यात ब्याड म्हणत्यात," रुद्रप्पा हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पर गुर्जी शिकलेले. पुस्तकातलं कानडी बोलत्यात, बेड म्हणत्यात, असं वाटलं. म्या घरी सांगितलं बी, मराठी मास्तर हाय पर आपल्या भाषेचा मान ठेवतोय."

मी गोणपाटाची घडी घालायला लागलो.

कारकुनाने रकान्यात लिहिलं: 'कपाट, अपुरे.' रुद्रप्पाने ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि तो कपाटावर हात ठेवून उभा राहिला. "अपुरं? माझ्या हातचं? जसं सांगितलं तसं पुरं हाय. ते काढा. न्हायतर मी हितंच बसतो." त्याने खरोखर बसकण मारली. शेवटी खाडाखोड करून 'कपाट, उंच पायांचे' असं झालं आणि आम्हाला सोडण्यात आलं.

ट्रकमधे शेंगांच्या पोत्यावर बसून मी रूपाला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पार्वतम्मांच्या मुलीशी, शिवम्माशी, मी कानडीतच खेळते की."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. मग तुम्ही पोस्टकार्डावर लिहिलंत, पुन्हा विचारू नये."

रस्ता खराब होता, म्हणून मी दोन्ही हातांनी कपाट धरून बसलो.

कपाट घरात आलं. त्याला आत घ्यायला अर्धी गल्ली लागली आणि त्या गल्लीला घराबाहेर काढायला उरलेली अर्धी. ते भिंतीला टेकवल्यावर स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडू लागलं. मुक्ता तेव्हापासून आडवी होऊन आत जाते. वरच्या खणात पार्वतम्मांनी लगेच हळदकुंकू वाहिलं. मधलं दार पाडून टेबल केलं, तर ते थेट शिलाईच्या यंत्रावर आपटलं. यंत्र हलवायचं तर पोतं हलवायला हवं, आणि पोत्याला टेकून आत्या बसलेली. "टेबल पायजे तवा मला सांगा," ती म्हणाली, "मी उटून उभी ऱ्हाते. तसं बी झोपायला खाट कुटाय?" शिवाय मुक्ताने त्या टेबलावर तोवर पिठाचे डबे ठेवले होते. तात्पुरते, म्हणाली. आमच्या घरात 'तात्पुरतं' हा शब्द फार टिकाऊ आहे.

पण खरी सभा भरली ती खालच्या रिकाम्या जागेसाठी. सहा फूट लांब, दोन फूट खोल, अडीच फूट उंच. दहा बाय बाराच्या घरात अशी मोकळी जागा कुणाला बघवेल?

"गुर्जी, सुताचे चार गठ्ठे ठेवतो," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "दिवाळीपर्यंतच. घर माझंच हाय की."

"अन माझी सायकल?" हिंदुराव म्हणाले. "पावसाळ्यात कुटं लावू? तुमी चाकं लावली असती तर आज हे बोलायची पाळीच आली नसती."

"माजं अंथरूण, आन लोनच्याची बरणी," आत्या म्हणाली. "माजी खाट गेलीय, ध्येनात ठेवा."

"ज्वारीचं पोतं आधी," मुक्ता म्हणाली.

मलाही वह्यांचे गठ्ठे ठेवायचे होते, पण अध्यक्ष म्हणून मी सगळ्यांना मान्य होईल असा मधला निर्णय दिला: आधी तिथे ट्रंका सरकवू, ट्रंकांवर गठ्ठे, उरलेल्या जागेत बाकीच्यांचं बघू. मी कंबर कसून मोठ्या ट्रंकेकडे वळलो. ट्रंकेवर रूपा बसली होती. मांडीवर गणिताचं पुस्तक. परीक्षेला पंचवीस दिवस होते.

"रूपा, ऊठ," मी म्हणालो.

ती उठली. पुस्तक मिटलं, पेन्सिल त्यात घातली. माझ्या सदऱ्याच्या खिशातून खडू काढून घेतला. आत्याच्या वळकटीतून तिने जुनी सोलापुरी चादर ओढली, आणि आम्ही गठ्ठे आडवे बसतील की उभे यावर भांडत असताना ती गुडघ्यांवर रांगत कपाटाखाली शिरली.

आम्हाला वाटलं, माप घेतेय.

चादरीचं वरचं टोक तिने मधल्या दाराच्या फटीत घट्ट खोचलं. आतून खडूचा आवाज येऊ लागला. हिंदुराव म्हणाले, "सायकल आडवी बसंल." गुरुसिद्धप्पा म्हणाले, "सायकल न्हाय, सूत." मी ट्रंक ओढत ओढत कपाटापर्यंत आणली आणि वाकलो.

पुढच्या पायावर, मी कार्डावर काढतो तशाच मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सामान बेड.' खाली दोन रेघा होत्या. त्याखाली लहान अक्षरात: 'पुन्हा विचारू नये.'

गुरुसिद्धप्पांनी ते वाचलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पायाकडे, आणि मग सोलापुरातल्या सगळ्या पेढ्यांना ऐकू जाईल असे हसले. "अय्यो! शुद्ध कानडी, गुर्जी! शुद्ध!"

मी ट्रंकेची कडी हातात धरून तसाच वाकून उभा होतो. चादर जराशी हलली. फटीतून एक हात बाहेर आला, त्याने ट्रंक दोन बोटं मागे ढकलली, माझ्या खिशातून आणखी एक खडू घेतला, आणि चादर पुन्हा सारखी केली.